विश्लेषण : ग्वार्डिओला यांच्या आधीचा बार्सिलोना कोणी घडवला? फ्रँक रायकार्ड यांची कारकीर्द का महत्त्वाची?

बार्सिलोनाच्या सुवर्णकाळाचे श्रेय साधारणपणे पेप ग्वार्डिओला यांना दिले जाते. मात्र लिओनेल मेसीला लीगमध्ये पदार्पणाची संधी देणारे आणि १४ वर्षांनंतर बार्सिलोनाला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे माजी फुटबॉलपटू फ्रँक रायकार्ड. खेळाडूंना मोकळीक देण्याच्या ज्या पद्धतीने त्यांना यश मिळाले, तीच पुढे अडचणीची कशी ठरली, याचा आढावा.

खेळाडू म्हणून कामगिरी कशी होती?

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६२ मध्ये जन्मलेल्या रायकार्ड यांचे वडील मूळचे सुरिनामचे. रायकार्ड यांनी १७ व्या वर्षी अयाक्सकडून पदार्पण केले. १९८७ मध्ये तत्कालीन प्रशिक्षक योहान क्रायफ यांच्याशी खटके उडाल्यानंतर त्यांनी क्लब सोडला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सने युरो स्पर्धा जिंकली आणि रायकार्ड इटलीतील एसी मिलानमध्ये दाखल झाले. तेथे रुड गुलिट, मार्को व्हॅन बास्टेन आणि रायकार्ड या डच त्रिकुटाने १९८९ आणि १९९० असे सलग दोन युरोपियन चषक जिंकले. १९९० च्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल रायकार्ड यांचाच होता. बचाव आणि मध्यरक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या ते तितक्याच सहजतेने पार पाडत. त्याच वर्षीच्या विश्वचषकात मात्र पश्चिम जर्मनीच्या रुडी फोलरवर थुंकल्याने त्यांच्यावर टीका झाली. १९९५ मध्ये अयाक्सकडून खेळताना त्यांनी मिलानलाच नमवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि निवृत्ती घेतली.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात कशी झाली?

मुख्य प्रशिक्षकपदाचा कोणताही अनुभव नसताना १९९८ मध्ये त्यांच्याकडे थेट राष्ट्रीय संघ सोपवण्यात आला. घरच्या मैदानांवरील युरो २००० स्पर्धेत डच संघाने युगोस्लाव्हियाचा ६-१ असा धुव्वा उडवला. उपांत्य फेरीत इटलीचा एक खेळाडू बाहेर गेला होता. तरीही डच संघाने सामन्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि शूटआऊटमध्ये हार पत्करली. रायकार्ड यांनी लगेच राजीनामा दिला. त्यानंतर स्पार्टा रॉटरडॅमची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १८८८ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २००२ मध्ये त्यांच्याच कार्यकाळात इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत घसरला.

तरीही बार्सिलोनाने त्यांना का निवडले?

२००३ मध्ये बार्सिलोना लीगमध्ये सहाव्या स्थानी राहिला होता आणि १९९९ नंतर क्लबला लीग जिंकता आली नव्हती. नवे अध्यक्ष जोन लापोर्टा यांच्यावर क्रायफ यांचा मोठा प्रभाव होता. ज्या क्रायफ यांच्याशी रायकार्ड यांचे पटले नव्हते, त्यांनीच आता त्यांच्या नावाला पाठिंबा दिला. सुरुवात निराशाजनक झाली. डिसेंबरमध्ये मलागाकडून १-५ अशी हार पत्करावी लागली. मात्र क्लबने त्यांच्यावर विश्वास कायम ठेवला. जानेवारी २००४ मध्ये एडगर डेव्हिड्स आल्यावर मध्यफळी भक्कम झाली आणि संघाने दुसऱ्या स्थानापर्यंत मजल मारली.

बार्सिलोनात त्यांनी नेमके काय केले?

रोनाल्डिन्होला त्यांनी मुक्तपणे खेळू दिले. झावी, कार्लेस पुयोल, व्हिक्टर वाल्डेस हे अकादमीतील खेळाडू संघाचा कणा बनले. १६ ऑक्टोबर २००४ रोजी १७ वर्षांच्या मेसीला एस्पान्योलविरुद्ध मैदानात उतरवण्यात आले. संघाने २००५ आणि २००६ मध्ये लीग जिंकली. २००६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध पिछाडीवर असताना त्यांनी आन्द्रेस इनिएस्टा, हेन्रिक लार्सन आणि बेलेटी यांना बदली म्हणून उतरवले. लार्सनच्या पासवर आधी सॅम्युएल एटोने आणि नंतर बेलेटीने गोल केला. बार्सिलोनाने २-१ अशी बाजी मारली.

मग घसरण का झाली?

रायकार्ड यांचा स्वभाव शांत होता. शिस्तीची बाजू बऱ्याच अंशी सहायक हेंक टेन काटे सांभाळत. २००६ मध्ये टेन काटे अयाक्सचे प्रशिक्षक म्हणून निघून गेले. त्यानंतर रोनाल्डिन्होची तंदुरुस्ती ढासळली आणि ड्रेसिंग रूममधील कुरबुरी बाहेर येऊ लागल्या. २००७ मध्ये रेयाल माद्रिदशी गुण समान असूनही परस्परांतील सामन्यांच्या निकषावर लीग हुकली. त्याच हंगामात किंग्ज चषकाच्या उपांत्य फेरीत गेटाफेवर ५-२ असा विजय मिळवल्यावर परतीच्या लढतीत ०-४ अशी हार झाली. २००८ मध्ये रेयालपेक्षा १८ गुणांनी मागे राहिल्यावर रायकार्ड यांची जागा ग्वार्डिओला यांनी घेतली. नव्या प्रशिक्षकांनी सर्वप्रथम शिस्तीवर भर दिला आणि रोनाल्डिन्हो, डेको यांना क्लब सोडावा लागला. संघाचा गाभा मात्र रायकार्ड यांच्या काळातीलच राहिला.

त्यानंतर काय?

तुर्कीतील गलातासराय येथे त्यांना सव्वा वर्षात पद सोडावे लागले. सौदी अरेबियाचा संघ २०१४ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरू शकला नाही आणि जानेवारी २०१३ मध्ये तेथूनही त्यांची गच्छंती झाली. तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारलेले नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी युरोपचे सर्वोच्च विजेतेपद मिळवणाऱ्या मोजक्या व्यक्तींच्या यादीत मात्र क्रायफ, कार्लो अँचेलोटी, ग्वार्डिओला आणि झिनेदिन झिदान यांच्यासह रायकार्ड यांचेही नाव आहे.