शहाणपण आईचं, जागा आपली

या, बसा सगळे. आज गोष्ट सांगतो कुत्रीची आणि तिच्या पिल्लांची.

भाद्रपदात गावकुत्र्यांच्या जोड्या जमतात. पुढे ६३ दिवसांच्या आसपास, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत, कुत्री आडोसा शोधते. गंजीच्या बुडाशी, जिन्याखाली, नाहीतर बंद दुकानाच्या फळीखाली पंजांनी माती उकरून खळगा करते आणि तिथे विते. पिल्लं जन्मतात ती मिटल्या डोळ्यांची, बंद कानांची. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. पण खरं नवल वेगळंच आहे. या पिल्लांना आपली आपण शू-शीसुद्धा करता येत नाही!

मग करवतं कोण? आई. दूध पाजून झालं की ती एकेकाला नाकानं उताणं करते आणि पोटापासून शेपटीच्या मुळापर्यंत खसाखसा चाटते. जिभेचा तो ऊबदार, ओला स्पर्श झाला की मूत्राशय आकसतं, आतडं हलतं आणि पिल्लू मोकळं होतं. जे बाहेर पडतं ते आई तिथल्या तिथे चाटून टाकते. नाकं मुरडू नका. खळगा ओला राहिला तर पिल्लं गारठतील, घाण साचली तर दुखणी येतील आणि वास सुटला तर शत्रूला ठावठिकाणा लागेल. आईच्या जिभेवर त्यांचा जीव तगतो.

तिसरा आठवडा लागला की पिल्लांना हे आपलं आपण जमू लागतं. त्या वेळी त्यांच्याकडे नीट बघा. धड चालताही न येणारं पिल्लू झोपेतून उठतं, भावंडांच्या ढिगातून वाट काढतं, लडबडत चार पावलं लांब जातं आणि तिथे शू करतं. त्याला कुणी दरडावलेलं नसतं. निजायची जागा कोरडी असते, हे जन्मापासून त्याच्या अंगाला ठाऊक असतं.

अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या. १९६५ साली त्यांचा ग्रंथ निघाला. साधारण आठ आठवड्यांची झाली की पिल्लं ठरावीक जागी जाऊ लागतात, असं त्यांना आढळलं. याच वयात पायांनाही सवय लागते. मातीवर वाढलेलं पिल्लू माती शोधतं. ज्याला फरशीखेरीज काही मिळालंच नाही, ते फरशीच शोधतं.

‘मग आजोबा, आणलेलं पिल्लू हॉलमध्ये का करतं?’ बरोबर विचारलंत! अहो, त्याच्या लेखी घर म्हणजे त्याची गोधडी आणि ताटलीभोवतीची थोडी जागा. हॉल त्याला घराबाहेरच वाटतो. ते आपल्या समजुतीप्रमाणे शहाण्यासारखंच वागत असतं. म्हणून सुरुवातीला त्याला लहान जागेत, डोळ्यांसमोर ठेवायचं. ती जागा कोरडी राहू लागली की एकेका खोलीची त्याच्या घरात भर घालत जायची.

वेळाही ठरलेल्या असतात. झोपेतून उठल्यावर, खेळून दमल्यावर आणि खाल्ल्यावर. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं, तुमचं-आमचंसुद्धा. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास कळ काढतं. मध्येच ते नाक जमिनीला लावून गिरक्या घेऊ लागलं की हातातलं काम टाका आणि त्याला अंगणात न्या.

या बसण्याचंही एक नवल आहे. २०१३ साली चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांच्या १,८९३ वेळच्या शी-बैठकी होकायंत्रानं मोजल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असलं की कुत्री उत्तर-दक्षिण अंग करून बसणं पसंत करतात, असं त्यांना दिसलं!

नाकाचं बळ तर विचारूच नका. वास टिपणाऱ्या पेशी आपल्याला ५०-६० लाख, कुत्र्याला २० कोटींहून जास्त. आपण पुसलेली जागा त्याला अजून बोलावत असते. तिथे अमोनियाचं औषध वापरू नका, लघवीलाही तसाच वास येतो. मुताचा अंश मोडणारं एन्झाइमचं औषध मिळतं, ते वापरा.

आणि ऐका, त्याचं नाक घाणीत घासू नका. २००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं दाखवून दिलं की कुत्र्याचं ते अपराधी तोंड त्याच्या चुकीमुळे पडत नाही, आपल्या रागावण्यामुळे पडतं. मार खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसादेखत करायचं नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. त्यापेक्षा बाहेर केल्याबरोबर, तिथेच उभ्या उभ्या, शाबासकी आणि खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, ते त्याला उमगत नाही.

मोठं झालेलं गावठी कुत्रं आणलंत तरी घाबरू नका. फरशी त्याला नवी असते, माती ओळखीची. रोज त्याच वेळी, त्याच मातीवर न्या. त्याला कळ काढता येते, त्यामुळे ते पुष्कळदा पिल्लापेक्षा लवकर शिकतं. पण वर्षानुवर्षं नीट राहिलेलं म्हातारं कुत्रं अचानक घर ओलं करू लागलं, तर तो हट्ट समजू नका. नळाचा वायसर झिजावा तशी मूत्रमार्गाची पकड सैल होते, नसबंदी झालेल्या माद्यांत विशेषच. पाणी फार पीत असेल तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. उतारवयात विसरही पडतो. त्याला आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

स्वच्छतेचा पहिला धडा कुत्र्याला आई देते. तो पुरा व्हायला आठ आठवडे लागतात. त्याआधी पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. तेव्हा मुलांनो, कितीही गोजिरवाणं दिसलं तरी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.