मावशीचं मनगट

मावशी पडली ती मोरीच्या उंबऱ्यावरून. पडली म्हणजे धड पडलीही नाही. पाय घसरला, तिने हात टेकला, एवढंच. बादलीतलं पाणी अर्धंअधिक शाबूत राहिलं आणि उजवं मनगट मोडलं. वय ५२. प्लास्टर घालताना हाडांच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "मावशी, पाळी कधी गेली?" मावशी म्हणाली, "पाळी कसली जातेय डॉक्टरसाहेब, पिशवीच काढली ना अडतिसाव्या वर्षी!"

डॉक्टरांनी जुने कागद मागितले. बुऱ्हाणपुरातल्या तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, एका प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद सापडला. घड्यांवर फाटलेला, निळ्या शाईतला, इंग्रजी. गर्भाशय काढल्याचं त्यात होतंच, पण पुढे आणखी अर्धी ओळ होती: दोन्ही अंडाशयंही काढली. ती अर्धी ओळ घरात चौदा वर्षं कुणी वाचली नव्हती. ऑपरेशन करणाऱ्यांनीही तोंडाने सांगितलं नव्हतं. 'पिशवी' या एका शब्दात सगळं बांधून दिलं होतं.

फरक लहान नाही. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं सहसा पुढे काही वर्षं आपलं काम करत राहतात. अंडाशयंच गेली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तुटतं. जे पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास हळूहळू व्हायचं, ते अडतिसाव्या वर्षी चार-दोन दिवसांत होतं.

हाडाला या इस्ट्रोजेनचं काय पडलंय? हाड दिसतं दगडासारखं, पण आत सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात. इस्ट्रोजेन म्हणजे पाडणाऱ्यांवर नजर ठेवणारा मुकादम. तो गेला की पाडणारे मोकाट सुटतात आणि गवंड्यांना त्यांचा वेग गाठता येत नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांची वीस टक्क्यांपर्यंत हाडाची घनता जाते. दुखत मात्र काहीच नाही. आधी मनगट मोडतं, मग पाठीचा मणका दबून उंची कमी होते, आणि शेवटी खुबा.

हाड आणि इस्ट्रोजेनचं हे नातं बोस्टनच्या डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिलं. मग सरळच प्रश्न आला, जे कमी पडलं ते बाहेरून का देऊ नये? गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी १९४२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पुढे 'कायम तरुण राहा' म्हणून ती विकली गेली. १९७५ मध्ये कळलं, की गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देऊ लागले. आणि २००२ च्या जुलैमध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा १६,६०८ बायकांवरचा या जोडगोळीचा प्रयोग मधेच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वाढल्या होत्या. जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या.

बातमीत भीती आली, हिशेब आला नाही. दहा हजार बायकांनी वर्षभर ही जोडगोळी घेतली तर स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, आणि खुबा मोडण्याच्या ५ कमी. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांवरून पन्नाशीच्या बाईला घाबरवलं गेलं. गर्भाशय नसलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तर स्तनाचा कर्करोग वाढलाच नाही. आज साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, गरम वाफांचा त्रास असेल तर हे औषध विचारपूर्वक देतात. त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी घेतली तर गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा आजार झालेल्या बाईने मात्र याच्या वाटेला जाऊ नये. फक्त हाडांसाठी म्हणून उतारवयात हे सुरू करत नाहीत, त्याला दुसरी औषधं आहेत. आणि औषध थांबलं की पाडकाम पुन्हा सुरू होतं, हेही ऐकून ठेवावं.

पण ज्यांची अंडाशयं चाळिशीच्या आधी गेली, त्यांचं गणित निराळं. त्यांच्या बाबतीत हे जास्तीचं काही देणं नसून गेलेलं भरून देणं असतं. दुसरी काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत द्यावं, असंच जाणकार सांगतात. आणि नेमक्या ह्याच बायका आपल्याकडे औषधापर्यंत पोचत नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२,३०९ बायकांची माहिती आली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा नको, दंड नको, म्हणून. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. त्यांतल्या कितींना अंडाशयाचं सांगितलं असेल, आणि कितींच्या पेटीत मावशीसारखा न वाचलेला कागद असेल, याचा विचार केला की मला झोप येत नाही.

मावशीला मात्र हे सगळं पटायला वेळ लागला. "आमच्या गावात चुन्याची कमी आहे का रे?" ती म्हणाली. बरोबरच आहे. कुंडी भंडाऱ्यात, १६१५ च्या सुमारास बांधलेल्या त्या जमिनीखालच्या नहरीत, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेत. "केटलीवर बसतो, मग हाडावर का बसत नाही?" मी सांगितलं, चुना म्हणजे कॅल्शियमच, पण तो नुसता येऊन भागत नाही, धरून ठेवणारा लागतो. शिवाय केळ्यांच्या या गावात केळ्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच, हे ऐकून ती खरंच दुखावली. त्यापेक्षा तिळाची चटणी, दूध, नाचणी बरी. 'ड' जीवनसत्त्वासाठी लागणारं ऊन तर इथे भरपूर, पण यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बायका दिवसभर आत असतात, ते अंगाला लागणार कधी?

घनता मोजायला तिला इंदूरला नेलं. टाचेवर यंत्र लावून शिबिरात जे करतात ते नव्हे. पलंगावर झोपवून कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी. कमरेचा टी-स्कोअर उणे २.९ आला. उणे २.५ आणि त्याखाली गेलं की हाड ठिसूळ धरतात. अंडाशयं जाऊन चौदा वर्षं झाली, वय ५२, मनगट मोडलेलं. आता इस्ट्रोजेनची वेळ टळली म्हणत डॉक्टरांनी आठवड्याला एक ॲलेंड्रोनेटची गोळी दिली. जोडीला कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व.

गोळी रविवारी घ्यायची. उपाशीपोटी, साध्या पाण्याने, पेलाभर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही. म्हणून दर रविवारी पहाटे मावशी ओसरीत उभी असते, पेला हातात, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. आत काकांचा चहा उकळून उतू जातो. "अर्धा तास!" ती तिथूनच ओरडते. "गॅस तुम्ही बंद करा!"