हातोडीवरचं हरवलेलं नाव

पांढरकवड्याहून एका वाचकांनी विचारलं आहे : जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात पसरलेला तो ‘जीबीएस’ (गियाँ-बारे सिंड्रोम) आमच्या केळापूर तालुक्यात कुणाला झाला, तर ओळखायचा कसा?

प्रश्न रास्त आहे. कापसाच्या या मुलखात हातापायांतलं बळ गेलं की आधी मण्यार आठवते, नाहीतर फवारणीची विषबाधा. पण मण्यारीचा परिणाम वरून खाली उतरतो, पापण्या आधी जड होतात. जीबीएस बहुधा पायांतून वर चढतो आणि गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही.

या हातोडीपाशी मला थोडं थांबायचं आहे. १९१६ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, फ्रेंच सैन्यातल्या दोन जवानांचा असा लुळेपणा तिघांनी मिळून नोंदवला : गियाँ, बारे आणि आंद्रे स्त्रोल. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नाहीत, हे निरीक्षण गाजलं. त्याच लेखात हातोडीच्या ठोक्याला स्नायू कसा प्रतिसाद देतो याचे आलेखही होते. ते काम स्त्रोल यांचं. १९२७ मध्ये आजाराचं बारसं झालं तेव्हा त्यांचं नाव गळालं, ते आजतागायत. मला हा अन्यायच वाटतो.

नसांवर हल्ला करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. पुण्यात रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूच्या अंगावरच्या शर्करा आपल्या नसांवरच्या शर्करांसारख्या दिसतात. निंदणाच्या घाईत गवतासोबत ज्वारीचं कोवळं रोपही उपटलं जावं, तसं होतं.

मग प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड द्यावं, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४२ रुग्णांवर ते तपासलं गेलं. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. उपयोगी पडतात ते दोन उपाय : रक्तद्रव बदलणं किंवा इम्युनोग्लोब्युलिन. दुसरा पहिल्याइतकाच गुणकारी आहे, हे डच डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवलं. तो महाग आहे, पण यंत्र लागत नाही.

त्याआधी रुग्णाला एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. विसाच्या आतच दम तुटला, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, प्राणवायूची सोय असलेल्या गाडीतून, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाकडे निघावं.