मॉर्मन जीवनपद्धती

मॉर्मन जीवनपद्धती : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आलेल्या मॉर्मन संप्रदायाच्या अनुयायांचा नित्य आचार, त्यामागील श्रद्धा आणि सुखाविषयीची त्यांची धारणा. संप्रदायाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे असून ‘मॉर्मन’ हे नाव त्याच्या द बुक ऑफ मॉर्मन या पवित्र ग्रंथावरून पडले. २०१८ पासून संप्रदायाच्या नेतृत्वाने अधिकृत नावाचाच आग्रह धरला आहे. येथे परिचित नाव योजले आहे. संप्रदायाचे मुख्य ठाणे यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्याची नोंदलेली सदस्यसंख्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक असून निम्म्याहून जास्त सदस्य संयुक्त संस्थानांबाहेर राहतात.

धर्माचरण हे रविवारच्या उपासनेपुरते किंवा पुरोहितवर्गापुरते मर्यादित न ठेवता आहार, द्रव्य, वेळ व कुटुंब या सर्वांचे नियमन त्याच्याकडे सोपविणे, हे या जीवनपद्धतीचे वैशिष्ट्य होय. सदस्याला मिळणारा आधार आणि त्याच्यावर पडणारा भार ही दोन्ही या एकाच व्यवस्थेची फळे आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संप्रदायाचा संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–४४) याने, देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील मजकुराचे ईश्वरी साहाय्याने केलेले भाषांतर म्हणून, द बुक ऑफ मॉर्मन हा ग्रंथ १८३० मध्ये प्रसिद्ध केला व त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे आपल्या मंडळीची स्थापना केली. शेजाऱ्यांशी संघर्ष होऊन अनुयायांना ओहायओ, मिसूरी व इलिनॉय ही राज्ये क्रमाने सोडावी लागली. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथची हत्या केली. त्यानंतर ब्रिगॅम यंग (१८०१–७७) याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेकडे निघाले व १८४७ च्या जुलैमध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. या स्थलांतराची स्मृती म्हणून २४ जुलै हा दिवस आजही साजरा होतो. बहुपत्नीकत्वाची प्रथा १८५२ मध्ये उघडपणे जाहीर करण्यात आली. शासनाच्या कठोर कायद्यांपुढे १८९० मध्ये संप्रदायाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी ती मागे घेतल्याची घोषणा केली. आज बहुपत्नीक विवाह करणाऱ्यास संप्रदायातून काढून टाकतात. छळ व स्थलांतर यांच्या सामूहिक आठवणीतून परस्परसाहाय्य, काटकसर व शिस्त या गुणांना धार्मिक मोल प्राप्त झाले.

श्रद्धा व सुखाची कल्पना : पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन भिन्न व्यक्तित्वे असून पित्यालाही देह आहे, असे मॉर्मन मानतात. पारंपरिक त्रैक्यसिद्धांताहून हे मत वेगळे असल्याने अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात गणत नाहीत. रोमन कॅथलिक चर्चने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे जाहीर केले. मॉर्मन मात्र स्वतःला ख्रिस्तीच समजतात.

त्यांच्या मते मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीही ईश्वराच्या सान्निध्यात असतो. अनुभव घेण्यासाठी व आपली निवड स्वतः करण्यासाठी तो देह धारण करतो आणि मृत्यूनंतर उन्नत होत जाऊ शकतो. या समग्र क्रमाला ‘सुखाची योजना’ असेही म्हणतात. आनंद हेच मानवी अस्तित्वाचे प्रयोजन होय, अशा आशयाचे वचन द बुक ऑफ मॉर्मनमध्ये आहे. हे सुख म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. दुःखाची ओळख नसेल तर सुखाचीही जाण होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तसेच ते एकट्याने मिळवावयाचे नसते. पती, पत्नी व मुले यांचे नाते मृत्यूपलीकडेही टिकावे, ही त्याची सर्वोच्च अवस्था होय. त्यामुळे संन्यास किंवा ब्रह्मचर्य यांना या संप्रदायात आदर्शाचे स्थान नाही.

दिवस व आठवडा : सकाळ-संध्याकाळ वैयक्तिक व कौटुंबिक प्रार्थना आणि ग्रंथवाचन ही श्रद्धावान घरांतील नित्यकर्मे होत. माध्यमिक शाळेतील मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. अनेक ठिकाणी ते शाळेपूर्वी, पहाटे भरतात. आठवड्यातील एक संध्याकाळ—परंपरेने सोमवारची—कुटुंबासाठी राखून ठेवतात. गाणी, लहानसा पाठ, खेळ व खाऊ असे तिचे साधे स्वरूप असते. १९१५ मध्ये या प्रथेचा अधिकृत पुरस्कार करण्यात आला.

रविवारी सामान्यतः धंदा, खरेदी व करमणूक वर्ज्य मानतात. सभेत भाकर व पाणी यांचे प्रभुभोजन होते. मद्याऐवजी पाणी वापरणे हे मॉर्मन वैशिष्ट्य आहे. प्रवचने व्यावसायिक धर्मोपदेशक करीत नाहीत. आधी सांगून ठेवलेले सामान्य सदस्य, प्रसंगी किशोरवयीन मुलेही, ती करतात. रविवारच्या सभांचा तीन तासांचा कालावधी २०१९ पासून दोन तासांवर आणण्यात आला. महिन्यातील एका रविवारी—सामान्यतः पहिल्या—सलग दोन वेळचे जेवण सोडून वाचलेली रक्कम गरजूंसाठी देतात. त्या दिवशी इच्छुक सदस्य उभे राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देतात.

आहार व दान : १८३३ मधील एका साक्षात्काराच्या आधारे मद्य, तंबाखू, चहा व कॉफी निषिद्ध मानण्यात आली. आरंभी हा उपदेश शिथिलपणे पाळला जाई. विसाव्या शतकात तो मंदिरप्रवेशाची अट बनला. मांसाहार निषिद्ध नाही, परंतु तो मर्यादित असावा असा संकेत आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीस देणे अपेक्षित असते. महामंदीच्या काळात, १९३६ मध्ये, संप्रदायाने कल्याणयोजना सुरू केली. तिच्याखाली शेते, धान्यकोठारे व कारखाने चालविले जातात आणि मदत घेणाऱ्याने शक्य तेवढे श्रम द्यावेत, असे तत्त्व आहे. घरात काही काळ पुरेल एवढा धान्यसाठा ठेवण्याचा सल्लाही दिला जातो.

सेवा व संघटना : ‘वॉर्ड’ ही स्थानिक मंडळी असून अनेक वॉर्ड मिळून ‘स्टेक’ बनतो. वॉर्डचा प्रमुख बिशप हा शिक्षक, शेतकरी किंवा व्यापारी असू शकतो; आपला व्यवसाय सांभाळून तो काही वर्षे विनावेतन काम पाहतो. मुलांना शिकविणे, वाद्य वाजविणे, हिशेब ठेवणे यांसारखी कामे सदस्यांमध्ये वाटून दिलेली असतात. ती मागून घ्यावयाची नसून सोपविली जातात. प्रत्येक कुटुंबाची विचारपूस करण्याची जबाबदारी विशिष्ट सदस्यांवर असते. त्यामुळे नव्या गावी गेलेल्या कुटुंबास सामान उतरविण्यास माणसे मिळतात, बाळंतिणीच्या घरी जेवण पोहोचते आणि आजाऱ्याजवळ कोणीतरी बसते. १८४२ मध्ये स्थापन झालेली ‘रिलीफ सोसायटी’ ही स्त्रियांची संघटना या कार्यात अग्रभागी आहे. याजकपद मात्र पुरुषांनाच मिळते. कृष्णवर्णीय पुरुषांवरील त्याविषयीचा निर्बंध १९७८ मध्ये उठविण्यात आला.

तरुणांनी सुमारे दोन वर्षे धर्मप्रसारासाठी घर सोडून जाणे हे कर्तव्य मानतात. तरुणींची सेवा ऐच्छिक असून ती दीड वर्षाची असते. कोठे जावयाचे हे संप्रदाय ठरवितो. खर्च बहुधा स्वतः वा कुटुंबाने करावयाचा असतो. जोडीदारासह दारोदार हिंडणे, नकार पचविणे व परकी भाषा शिकणे यांतून अनेकांच्या श्रद्धेला वैयक्तिक रूप येते. नियोजित काळापूर्वी परतणाऱ्यास मात्र अपयशाची बोचणी लागू शकते.

मंदिर : रविवारच्या सभागृहाहून मंदिर वेगळे असते. बिशप व त्याच्यावरील अधिकारी यांच्याशी झालेल्या मुलाखतीनंतर ज्यांना पत्र मिळते, त्यांनाच तेथे प्रवेश असतो. तेथे दांपत्याचे ‘चिरंतन’ विवाहबंधन होते आणि मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेतला जातो. पूर्वजांची नावे शोधण्याच्या या गरजेतून १८९४ मध्ये वंशावळी-संस्था स्थापन झाली. तिने जगभर जमविलेली जन्म, विवाह व मृत्यू यांची दप्तरे आज अन्यधर्मीय अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. प्रवेशाच्या निर्बंधामुळे धर्मांतर केलेल्या वधूवरांच्या मातापित्यांना मंदिरातील विवाह पाहता येत नाही. पूर्वी अमेरिकेत नागरी विवाह आधी केल्यास मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावे लागे. २०१९ मध्ये ही अट काढल्याने ही अडचण काहीशी सौम्य झाली.

सुख व त्याच्या मर्यादा : प्यू संशोधन केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ८७ टक्के मॉर्मनांनी आपल्या जीवनाविषयी समाधान व्यक्त केले, सर्वसाधारण जनतेत हे प्रमाण ७५ टक्के होते. कॅलिफोर्नियातील सक्रिय मॉर्मनांच्या दीर्घकालीन अभ्यासात त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी आढळला. व्यसनांचा अभाव, स्थिर कुटुंब व दाट सामाजिक संबंध ही त्याची संभाव्य कारणे होत. तथापि अशा निष्कर्षांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. जे असमाधानी होऊन बाहेर पडतात, ते अशा गणनेत येत नाहीत.

कुटुंब हेच मोक्षाचे साधन ठरले म्हणजे अविवाहित, घटस्फोटित व अपत्यहीन सदस्यांना आपले स्थान दुय्यम वाटू लागते. समलिंगी संबंध निषिद्ध असल्याने तशा सदस्यांपुढे श्रद्धा व सहजीवन यांपैकी एकाचीच निवड उरते. अशा जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा २०१५ चा नियम २०१९ मध्ये रद्द झाला. मूळ भूमिका मात्र बदललेली नाही. नेहमी आनंदी दिसण्याची अपेक्षा ही दुःखिताला अधिक एकाकी करू शकते. श्रद्धा ढळल्यास एक मत सोडून भागत नाही. स्नेही, आठवड्याचा क्रम आणि कधी कुटुंबही दुरावते. उलट, प्रश्न विचारूनही संप्रदायात राहणाऱ्यांची परंपरा आहे. १८५७ मध्ये मॉर्मनांनी केलेल्या माउंटन मेडोज येथील हत्याकांडाचा इतिहास जुआनिता ब्रुक्स (१८९८–१९८९) यांनी १९५० मध्ये निर्भीडपणे लिहिला. त्यांना रोष पत्करावा लागला, पण त्यांनी मंडळी सोडली नाही.

भारतातील प्रसार : मॉर्मन प्रचारक १८५० नंतरच्या दशकात कलकत्त्यात आले. ह्यू फिंडले याने १८५२ मध्ये मुंबईत व नंतर पुण्यात कार्य करून पुण्यास एक छोटी मंडळी स्थापली. परंतु हे प्रयत्न त्याच दशकात थांबले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्य पुन्हा सुरू झाले. भारतातील पहिला स्टेक २०१२ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाला व २०१८ मध्ये बंगळूरु येथे मंदिर उभारण्याची घोषणा झाली. ज्या समाजात पाहुण्याचे स्वागत चहाने होते, तेथे चहाचा त्याग ही नवसदस्याच्या श्रद्धेची रोजची कसोटी ठरते. नकार देऊनही स्नेह टिकविणे, हे त्याला घरोघरी साधावे लागते.