भाग: एक्सेलमधली न दिसणारी घाण

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "नाव यादीत डोळ्यांना दिसतंय, तरी व्हीलुकअप सापडत नाही म्हणतो. असं का?" भागात बोललो तेच इथे लिहून ठेवतोय, म्हणजे शीट समोर ठेवून करता येईल. फॉर्म्युले वाचायला देवनागरीत दिलेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायचे.

समजा, शिष्यवृत्तीच्या दोन याद्या आहेत. एकीत मुलांची नावं, दुसरीत नावं आणि खाते क्रमांक. एका नावामागे एक जादा स्पेस राहिली, तर व्हीलुकअपच्या दृष्टीने ती दोन वेगळी मुलं. आपण "नाही सापडलं" म्हणून ओळ गाळतो आणि त्या पोराचे पैसे अडकतात. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आधी तपासणी. लेन हे फंक्शन अक्षरं मोजतं. "पुणे" या शब्दाचं लेन ४ येतं, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ५ आलं तर कुठेतरी काहीतरी लपलंय. ते शेवटी असेल तर काय आहे ते असं बघा:

=युनिकोड(राइट(ए२,१))

उत्तर ३२ आलं तर साधी स्पेस. १६० आलं तर वेबसाइटवरून कॉपी करताना आलेली न तुटणारी स्पेस. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पण ट्रिम फक्त पहिलीला ओळखतं. ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि मधल्या दोन-तीन असतील तर एकच ठेवतं. १६० ला मात्र ते हात लावत नाही. म्हणून आधी तिची साधी स्पेस करायची, मग ट्रिम:

=ट्रिम(क्लीन(सब्स्टिट्यूट(ए२,युनिचार(१६०)," ")))

फॉर्म्युला आतून बाहेर वाचा. सब्स्टिट्यूट बदलतं, क्लीन ० ते ३१ क्रमांकांची न छापली जाणारी चिन्हं काढतं, ट्रिम शेवटचा हात फिरवतं. क्रम उलटा केलात, आधी ट्रिम आणि मग सब्स्टिट्यूट, तर शेवटची स्पेस तशीच राहते.

एक खाचखळगा. पत्त्यात एकाच सेलमध्ये दोन ओळी असतील, तर क्लीन ती नवी ओळ काढून टाकतं आणि "शनिवार पेठ" च्या शेपटाला "पुणे" चिकटतं. तिथे क्लीनच्या आधी युनिचार(१०) च्या जागी स्पेस घाला.

आता खास आपल्या मराठीचं. इंटरनेटवर सल्ला मिळतो की ८२०५ क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह सरसकट उडवा. मी म्हणेन, थांबा! काही कीबोर्डवर "ऱ्या" मधला अर्धा र याच चिन्हाच्या आधारावर उभा असतो. ते काढलं की "दऱ्या" चं "दर्या" होतं, म्हणजे डोंगरातनं थेट समुद्रात! आडनाव असेल तर "कऱ्हाडे" चं "कर्हाडे" होऊन बसतं, आणि बँकेतल्या नावाशी जुळत नाही. त्यामुळे आधी अशी नावं वेगळी काढून डोळ्यांनी बघा.

आणि हो, मूळ कॉलम कधी पुसू नका. शेजारी नवा कॉलम घ्या, फॉर्म्युला तिथे लिहा, खाली ओढा. मग कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. दोन्ही कॉलमचं लेन शेजारी-शेजारी ठेवलंत की कुठल्या ओळींची लांबी बदलली ते लगेच कळतं.

फॉर्म्युला स्पेस काढेल, पण "सविता" आणि "सवीता" एकच बाई आहे का, हे तो सांगणार नाही. तिथे फोन उचलून विचारावंच लागतं. व्हीलुकअप नाही म्हणाला, म्हणजे माणूस नाही असं नसतं. ओळ गाळण्याआधी एकदा लेन लावून बघा.

पुढच्या भागात पूर्ण नावातून आडनाव वेगळं कसं काढायचं ते बघू. तोपर्यंत, याद्या स्वच्छ ठेवा!