आकाशातली अंतरे (लेखांक ६) : मुखेडकरांचे विमान

नांदेडच्या विमानतळाला गुरू गोविंदसिंगजींचे नाव आहे. तिथून थेट अमृतसरला विमान हवे, ही मागणी साहजिकच होती आणि डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने ते सुरू केले. तोवर भरवसा सचखंड एक्सप्रेसचा : सुमारे दोन हजार किलोमीटर, दीड दिवस. जायचे उत्तरेला, पण गाडी आधी परभणी, जालना करत पश्चिमेला मनमाड गाठते.

विमानाचे अंतर घरबसल्या काढता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, हे मागच्या लेखांकात आलेच आहे. नांदेड १९.२ अंशांवर, अमृतसर ३१.७ वर. फरक साडेबारा अंशांचा, म्हणजे जवळपास १,३९० किलोमीटर. अमृतसर अडीचशे किलोमीटर पश्चिमेलाही सरकलेले आहे. पण ते धरूनही एकूण अंतर १,४१५ च्या आसपासच राहते. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो.

ताशी ८०० किलोमीटरने हे पावणेदोन तासांचे काम. तिकिटावर मात्र सव्वादोन-अडीच तास दिसत, कारण विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला उभे राहिल्यावर थांबते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे सगळे त्यात आले.

पल्ला जितका छोटा, तितका हा वरखर्च जास्त बोचतो. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. हवाई अंतर जेमतेम २४५ किलोमीटर. आता नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडच्या माणसाचा हिशेब मांडा. हैदराबाद दक्षिणेला, पण विमानासाठी आधी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर उलटे उत्तरेला नांदेडला जा, तासभर आधी पोहोचा, तपासणी करून घ्या, मग उडा. तेवढ्या वेळात देगलूरमार्गे निघालेली जीप तेलंगणात बरीच आत गेलेली असते. मी तरी जीपच धरीन.

लांबच्या पल्ल्यावर मात्र वारा हिशेब बदलतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, आणि तरीही वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा आधी समोरून येत होता, तो आता पाठीशी आला. परतीलाही विमान पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येई. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला एक पूर्ण फेरी. नांदेड-अमृतसर विमानाला ही सवलत नव्हती. ते दक्षिणोत्तर उडे, त्यामुळे वारा बाजूने लागे.

हा वारा एवढ्या उंचीवर कशामुळे तयार होतो, ते पुढच्या आठवड्यात.