कंपनीचा रुपया, लखनौचा रुपया

एखाद्या व्यापारी संस्थेने स्वतःच्या नावाचे नाणे पाडावे, हे आज चमत्कारिक वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र मुंबईत नाणी पाडण्याची सनद इंग्लंडच्या राजाकडून १६७६ सालीच मिळाली होती.

लखनौचे नबाब मोगल बादशहा शाह आलम याच्या नावाने रुपये पाडीत. तो १८०६ साली निवर्तला, तरीही! पुढे १८१९ साली गाजीउद्दीन हैदर राजा झाला आणि नाण्यावर त्याचे स्वतःचे नाव आले. हे राजपद घेण्यास उत्तेजन कंपनीचेच होते. तिने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला : वजन १८० ग्रेन, एका बाजूस इंग्लंडच्या राजाचे मुख, दुसरीकडे कंपनीचे नाव. ज्याच्या कचेरीत शेतसारा भरावयाचा, त्याचेच नाणे रयतेला जवळ बाळगावे लागते. अवध १८५६ साली खालसा झाले, तेव्हा सारावसुली कंपनीकडे गेली आणि लखनौच्या राजाचे नाणे पडणे थांबले.